गलबतात आधी तांदूळ

आमच्या बुलडाणा जिल्ह्याचा आणि समुद्राचा काय संबंध, असं कुणी विचारलं की लोक पटकन लोणारकडे बोट दाखवतात. लोणारच्या विवरातलं पाणी खारं आहे हे खरं, पण त्या पाण्यात गलबत चालत नाही. मी सिंदखेडराजाचं नाव घेतो. तिथल्या लखुजी जाधवरावांच्या वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला. त्या गावाने पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे फार तर मोती तलावाचं. पण त्या घराण्याच्या लेकीचा मुलगा पुढे गलबतं बांधता झाला, आणि भर समुद्रातल्या खडकांवर माणसं वसवून त्यांना जगवता झाला. शिवाजी महाराजांच्या आयुष्यातल्या अफझलखान, शाहिस्तेखान, आग्रा या कथा तुम्हाला पाठ आहेत. त्या मी पुन्हा सांगत नाही. मला आज त्यांच्या शिध्याची गोष्ट सांगायची आहे.

शिडाची नौका घेऊन लांबच्या सफरीला जाणारी माणसं आता आपल्याकडेही आहेत. गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन नौदलाचे अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये मुंबईहून निघाले आणि कुठल्याही बंदराला न लागता पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईलाच परतले. अशा सफरीत वाऱ्याइतकाच मोठा प्रश्न पोटाचा असतो. किती दिवस, किती तोंडं, किती पाणी, काय नासेल, काय भिजेल, याचा हिशेब किनाऱ्यावरच करावा लागतो. दोर सुटल्यावर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मुलाला पिटाळता येत नाही. बेटावर किल्ला बांधायला निघालेल्या राजाला हाच हिशेब दीडशे माणसांसाठी, कित्येक महिन्यांसाठी, आणि शत्रूच्या तोफांसमोर करायचा होता.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. तारणावर कर्ज दिलं की गोदामात जाऊन कापसाच्या गाठी आणि ज्वारीची पोती मोजायची, स्टॉक स्टेटमेंटशी ताळा जमवायचा, हे काम मी वर्षानुवर्षं केलं. त्या सवयीचा परिणाम असेल, पण महाराजांची पत्रं वाचताना माझी नजर तलवारीपेक्षा धान्याच्या उल्लेखांवर जास्त अडकते. आणि ते उल्लेख फार आहेत.

त्याचं मूळ कुठे असेल? मला वाटतं, जन्मवर्षातच. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर महाराज जन्मले. त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै १६२९ मध्ये, देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात लखुजी जाधवराव आणि त्यांच्या मुलांची कत्तल झाली होती. जिजाऊंचं माहेर एका दिवसात उजाड झालं. आणि महाराजांच्या जन्माबरोबरच दख्खन आणि गुजरातवर १६३० ते १६३२ चा तो भीषण दुष्काळ कोसळला. गावं ओस पडली, माणसांनी मुलं विकली, धान्य सोन्याच्या मोलालाही मिळेना. पुणं तर आदिलशाही फौजेने आधीच जाळून, नांगर फिरवून टाकलेलं. पुढे जिजाऊ लहानग्या शिवबाला घेऊन पुण्यात आल्या तेव्हा पहिलं काम कुठला गड घेण्याचं नव्हतं. पळून गेलेली कुळं परत आणायची, त्यांना बी-बियाणं द्यायचं, पडीक जमीन वाहिती करायची, हे काम होतं. सोन्याच्या नांगराची कथा आपण शाळेत ऐकतो. नांगर सोन्याचा होता की लोखंडाचा, या वादात मला रस नाही. ज्या मुलाने पेरणीपासून राज्य उभं राहताना पाहिलं, त्याला रिकाम्या कोठाराची भीती काय असते हे वेगळं शिकवावं लागलं नसणार.

समुद्र त्यांच्या आयुष्यात आला तो १६५७ च्या अखेरीस, कल्याण-भिवंडी हाती आल्यावर. दोनच वर्षांत पोर्तुगीजांच्या कागदांत तक्रारी दिसू लागतात, की हा माणूस खाडीत जहाजं बांधतो आहे. सुरुवातीला त्यांनी पोर्तुगीज कारागीरच कामावर ठेवले होते. ते निघून गेले तरी काम थांबलं नाही. कोळी, भंडारी, आणि समुद्र कोळून प्यायलेले मुसलमान दर्यावर्दी यांच्यातून त्यांचं आरमार उभं राहिलं. गुराब, गलबत, मचवा, शिबाड, तरांडं अशी त्यातल्या नावांची जात. दर्यासारंग, दौलतखान, मायनाक भंडारी ही त्यातली माणसं.

या नौका किनाऱ्याच्या आधाराने जाणाऱ्या. पोर्तुगीज-इंग्रजांची जहाजं महिनोन्महिने समुद्रात काढून यायची. त्यांच्या पोटात खारवलेलं मांस, वाळलेली बिस्किटं आणि पाण्याची पिंपं, आणि तरीही ताज्या भाजीपाल्यावाचून खलाशांच्या हिरड्या सडायच्या. आपल्या गलबताला ते दुखणं नव्हतं, कारण दर दोन-चार दिवसांनी एखादी खाडी लागायची. पण त्यामुळेच पोटात जागा कमी. तोफ, दारूगोळा, वल्हेकरी आणि शिपाई बसले की तांदूळ, नाचणी, मीठ, नारळ, सुकी मासळी, सरपण आणि गोडं पाणी यांना उरेल तेवढी जागा. म्हणजे गलबताचा जीव किनाऱ्यावरच्या कोठारात. कोठार भरलेलं असेल तरच गलबत लढणार.

हे महाराजांनी फार लवकर ओळखलं. मालवणच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाचा मुहूर्त झाला. आज तिथे जाणारे प्रवासी तटाची लांबी बघतात, महाराजांच्या हातापायाचे ठसे बघतात. तुम्ही गेलात तर तीन विहिरी नीट बघा. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारही बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी. पाणी नसतं तर तो किल्ला नुसता दगडांचा ढीग झाला असता. रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे आज्ञापत्रात किल्ल्याविषयी लिहिताना आधी पाणी पाहायला सांगितलं आहे. पाणी नसेल तर खडक फोडून टाकी बांधायची, एका झऱ्यावर विसंबायचं नाही, आणि साठवण जपून वापरायची. पंतांनी हा धडा पुस्तकातून घेतलेला नव्हता. त्यांची उमेदवारी महाराजांच्याच हाताखाली झाली होती.

सिंधुदुर्गाचं काम चालू असतानाच, फेब्रुवारी १६६५ मध्ये, महाराज स्वतः गलबतात बसले. मालवणहून ८५ लहान नौका आणि तीन मोठी जहाजं घेऊन, गोव्याला वळसा घालून ते कर्नाटकातल्या बसरूरवर उतरले. बसरूर लुटलं, परतीत गोकर्णाला स्नान केलं, आणि मग आरमारातली बहुतेक जहाजं परत पाठवून दिली. चार हजार माणसं जमिनीवरून अंकोला-कारवारकडे निघाली. बरोबर फक्त बारा नौका ठेवल्या, वाटेतल्या नद्या ओलांडण्यापुरत्या. मला त्या मोहिमेतला हा निर्णय सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. काम झाल्यावर शेकडो खलाशांची तोंडं कशाला पोसायची? लुटीचं वजन जहाजांवर घालून ती घरी धाडायची आणि आपण वाटेत मिळेल त्यावर पायी यायचं. महाराजांची स्वतःची समुद्रमोहीम म्हणून हीच एक ठळकपणे सांगितली जाते. पण आरमाराशी त्यांचा खरा संबंध डेकवर उभं राहण्याचा नव्हता, कागदावरचा होता.

ते कागद बघा. १६७१ च्या डिसेंबरात कुडाळच्या सरसुभेदाराला त्यांनी मिठाविषयी लिहिलं. पोर्तुगीजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडतं म्हणून व्यापारी तिकडे जातात, मग आपल्या मुलखातलं मीठ पडून राहतं. तेव्हा तिकडच्या मिठावर जकात एवढी बसवा की आपलंच मीठ घेणं व्यापाऱ्याला परवडेल, असा हुकूम. आजच्या अर्थमंत्र्याने काढावा तसा. त्याच सुमाराच्या एका कागदात किल्ल्यांच्या कामांसाठी एक लाख पंचाहत्तर हजार होनांची तरतूद दिसते. त्यातले पन्नास हजार एकट्या रायगडाला आणि सिंधुदुर्गाला दहा हजार. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या लष्कराला लिहिलेलं पत्र तर अनेकांनी वाचलं असेल. पावसाळ्यापुरता साठवलेला दाणा-वैरण आत्ताच उधळाल तर पुढे उपास पडतील, मग शेतकऱ्यांच्या घरांत शिराल, आणि मोगलांपेक्षा तुमचाच त्रास रयतेला होईल, हा त्याचा आशय. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इथपर्यंत तपशील. तीनशे गडांचा धनी दिव्याच्या वातीचा विचार करतो! आमच्या बँकेत गोदामाच्या विम्याचा अर्ज भरताना मला हमखास तो उंदीर आठवायचा.

आता जंजिऱ्याकडे वळू. मुरूडसमोरच्या या पाणकिल्ल्यातला सिद्दी महाराजांना आयुष्यभर सलत राहिला. त्याला शह म्हणून महाराजांनी समोरच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधायला घेतला. बांधकाम चालू, सिद्दीच्या तोफा समोर, बेटावर गवंडी, पाथरवट आणि शिपाई. त्यांना पैसा आणि धान्य पोचवायचा हुकूम प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना गेलेला होता. दौलतखान आणि दर्यासारंग रसदेची वाट बघत होते. आणि रसद आली नाही.

१६७५ च्या सुरुवातीला महाराजांनी जिवाजींना जे पत्र लिहिलं त्यात राग भरलेला आहे. आरमार तुमच्या ऐवजासाठी खोळंबलं आहे, तिकडे सिद्दी बेटावरच्या माणसांना हैराण करतो आहे, तुम्ही सिद्दीकडून काही घेतलंत की काय, अशी शंकाच त्यांनी उघड बोलून दाखवली. तुम्ही ब्राह्मण आहात म्हणून मुलाहिजा होणार नाही, चाकराला चाकरासारखीच शिक्षा होईल, हेही बजावलं. या पत्रातलं एवढंच वाक्य उचलून आजही दोन्ही बाजूंची मंडळी भांडत असतात. भांडोत बापडी. मला ते पत्र वसुली आणि वाटप पाहिलेल्या माणसासारखं वाचावंसं वाटतं. मंजुरी झालेली, हुकूम गेलेला, रक्कम तरतुदीत दाखवलेली, आणि प्रत्यक्षात पैसा कुठल्या तरी टेबलावर अडलेला. हा रोग जुना आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे हप्ता अडला तर शेतकऱ्याची पेरणी हुकते. तिथे समुद्रात अडकलेल्या माणसांचा घास हुकत होता, आणि त्यांना पळून जायला जमीनच नव्हती. महाराजांचा संताप जातीवर नव्हता, त्या अडलेल्या पोत्यांवर होता. पद्मदुर्ग पुढे उभा राहिला. जंजिरा मात्र पडला नाही, तो कधीच पडला नाही.

जंजिऱ्याच्या बाबतीत अपयश आल्यावर त्यांची नजर पुन्हा खांदेरीकडे गेली. अलिबागच्या उत्तरेला थळच्या किनाऱ्यासमोर हे छोटं बेट आहे. मुंबईच्या तोंडावरच म्हणा ना. इथे किल्ला झाला तर मुंबईतल्या इंग्रजांवर आणि तिथे पावसाळा काढणाऱ्या सिद्दीच्या आरमारावर नजर राहणार होती. १६७२ मध्ये एकदा प्रयत्न झाला आणि इंग्रज-सिद्दींच्या विरोधामुळे सोडावा लागला. १६७९ च्या ऑगस्टअखेर, पावसाळा पुरता सरलेलाही नव्हता तेव्हा, मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि दगड रचू लागला.

जरा हिशेब करू. कष्टाचं काम करणाऱ्या माणसाला दिवसाला पाऊण किलो धान्य धरा. दीडशे माणसांना रोज एकशे बारा किलोच्या आतबाहेर, महिन्याला चौतीस क्विंटल. शिवाय मीठ, सरपण, चुना, दारू, गोळे. पावसाचं पाणी खडकाच्या खळग्यात धरता येतं, धान्य धरता येत नाही. लहान होडीत किती पोती बसणार? म्हणजे होड्यांच्या खेपा थांबल्या की दहा-पंधरा दिवसांत बेट आपोआप रिकामं. इंग्रजांचाही नेमका हाच होरा होता. त्यांना बेटावर चढायची गरजच नव्हती. नुसती वाट अडवली की काम झालं.

सप्टेंबरात त्यांनी आपल्या नौका बेटाभोवती आणून उभ्या केल्या. १९ सप्टेंबरला त्यांच्या एका अधिकाऱ्याने, लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्पने, बेटावर उतरायचा प्रयत्न केला आणि तो मारला गेला. मग ‘रिव्हेंज’ नावाची मोठी फ्रिगेट आली; तिच्यावर कॅप्टन मिंचिन आणि रिचर्ड केग्विन. १८ ऑक्टोबर १६७९ च्या पहाटे दौलतखान पन्नास-साठ नौका घेऊन त्यांच्यावर तुटून पडला. इंग्रजांची ‘डोव्हर’ ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली, त्यांच्या बाकीच्या नौका लांब राहिल्या. पण ‘रिव्हेंज’ एकटी उभी राहिली आणि तिच्या तोफांनी मराठ्यांच्या नौकांची दाणादाण केली. इंग्रजांच्या सांगण्याप्रमाणे पाच बुडाल्या. उरलेल्या नागावच्या खाडीत परतल्या.

म्हणजे ती समुद्रातली लढाई आपण हरलो. आपल्याकडे हे सांगताना आवाज बारीक होतो, आणि तसं व्हायचं कारण नाही. कारण लढाईनंतर दोन-चार रात्रींतच बेटावर पुन्हा होड्या पोचू लागल्या. अंधारात, भरती-ओहोटीचं गणित बघून, किनाऱ्याच्या उथळ पाण्यातून. ‘रिव्हेंज’सारख्या जहाजाला चालायला वारा लागतो आणि खाली खोल पाणी लागतं. आपल्या होड्यांना दोन्ही नको. शिडं पडली की वल्ही. वारा पडलेला असला की इंग्रज हताशपणे बघत राहायचे आणि त्यांच्या डोळ्यांसमोरून पोती जायची. त्यांच्या पत्रव्यवहारात ही चरफड दिसते. जिंकलेल्या आरमाराला हरलेल्या आरमाराच्या शिध्याच्या होड्या अडवता आल्या नाहीत. त्या होड्यांवरच्या कोळ्या-भंडाऱ्यांची नावं इतिहासात नाहीत. मायनाकचं नाव राहिलं, दौलतखानाचं राहिलं. पण खांदेरी ज्यांनी राखली त्यांत रात्री वल्हं मारणारे हे लोक माझ्या लेखी पहिले.

आणि किनाऱ्यावर पोती तयार होती, हे विसरता येत नाही. होडी बेटापर्यंत नेण्याचं धाडस कोळ्याचं. पण ती भरायला धान्य वेळेवर हजर असणं हे कुणा कारकुनाचं, कुणा सुभेदाराचं काम. जिवाजी विनायकांना लिहिलेल्या पत्राला चार-साडेचार वर्षं झाली होती. तसा प्रसंग खांदेरीच्या वेळी पुन्हा आला नाही. त्या पत्राची धास्ती साऱ्या कोकणच्या सुभ्यांत पोचली असावी, असा माझा तर्क आहे.

नोव्हेंबरात सिद्दी कासमही आपलं आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. बेटावर तोफांचा मारा सुरू झाला. तरी खेपा चालूच. इकडे इंग्रजांच्या खात्यात खर्चाची बाजू फुगत चालली होती. कंपनी शेवटी व्यापारी. सुरतेच्या वरिष्ठांनी मुंबईकरांना माघार घ्यायला सांगितलं. एका खडकासाठी एवढी जहाजं आणि माणसं अडकवून ठेवणं त्यांना परवडेना. १६८० च्या सुरुवातीला तह झाला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. कुणाचा हिशेब आधी कोलमडतो, यावर त्या बेटाचा निकाल लागला. तो इंग्रजांचा कोलमडला.

सिद्दीने मात्र डाव साधला. जानेवारी १६८० मध्ये त्याने थळ आणि खांदेरी यांच्या मधल्या उंदेरी बेटावर माणसं उतरवून तटबंदी सुरू केली. दौलतखानाने महिनाअखेरीस त्याच्यावर हल्ला चढवला, पण त्याला हटवता आलं नाही. खांदेरीच्या होड्यांच्या वाटेवरच आता शत्रूच्या तोफा आल्या.

त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ एप्रिल १६८० रोजी, रायगडावर महाराजांचं निधन झालं. पन्नास वर्षांचं आयुष्य. जिजाऊंना जाऊन तेव्हा सहा वर्षं होत आली होती. राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांनी, रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला त्यांनी देह ठेवला होता. पद्मदुर्गाच्या रसदेचा तो संताप आणि खांदेरीच्या रात्री त्यांनी पाहिल्या नाहीत.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जे बारा किल्ले यादीत घेतले त्यांत रायगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग यांच्याबरोबर खांदेरीही आहे. बेटावर दीपगृह आहे, वेताळाचं देऊळ आहे, आणि कोळी मंडळींचा त्या देवावर भारी विश्वास आहे. मुंबईचे गव्हर्नर चार्ल्स बून यांनी १७१८ साली मोठं आरमार घेऊन खांदेरीवर चाल केली तेव्हा ती कान्होजी आंग्र्यांच्या ताब्यात होती. इंग्रजांनी तोफा डागल्या, माणसं उतरवून पाहिली, आणि थोड्याच दिवसांत ते मुंबईला परत गेले.